मळलेली वाट नसताना : मिशेल टिम्सची पहिली बारा वर्षे

मंडळी, गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरी एक पेच उभा राहिला. धाकटी लेक तेरा वर्षांची. चार वर्षे ती दर शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या क्लबात बास्केटबॉल खेळते. तोवर प्रश्न नव्हता. शनिवारचा खेळ म्हणजे मुलांना मोकळी हवा आणि आम्हा पालकांना कॉफी व गप्पा. पण या वेळी तिची निवड क्लबच्या प्रातिनिधिक संघात झाली. म्हणजे बुधवारी सराव, शुक्रवारी रात्री सामने, आणि तेही कधी मेलबर्नच्या या टोकाला तर कधी त्या टोकाला. गणिताची शिकवणी नेमकी शुक्रवारची. मी स्वाभाविकपणे विचारले, "हे सगळे ठीक आहे, पण यात पुढे काय?"

तिने उलट विचारले, "बाबा, मिशेल टिम्स कोण माहीत आहे का? ती आपल्या घरापासून दहा मिनिटांवर, नुनावडिंगला खेळायची."

मला माहीत नव्हते. वीस वर्षे या शहरात राहून मला शेन वॉर्नच्या सगळ्या मालिका पाठ, पण हे नाव कधी कानावरून गेले नव्हते. इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी केल्याचा एक तोटा असा, की माहीत नसलेली गोष्ट कळली की माणूस स्वस्थ बसत नाही. पुढचे काही आठवडे मी जुनी माहिती वाचण्यात आणि जुने सामने पाहण्यात घालवले. त्यातून हाती आलेले इथे मांडतो. क्रिकेटपलीकडे फारसे न गेलेल्या माझ्यासारख्या वाचकांसाठी सुरुवात अगदी मुळापासून करतो.

पॉइंट गार्ड म्हणजे कोण?

बास्केटबॉलमध्ये एका वेळी एका संघाचे पाच जण मैदानावर असतात. त्यांच्या जागांना एक ते पाच असे आकडे आहेत. चार आणि पाच नंबरच्या खेळाडू उंच, बास्केटजवळ उभ्या राहणाऱ्या. एक नंबरची ती पॉइंट गार्ड. बहुधा संघातली बुटकी, पण चेंडू तिच्या हातात सर्वांत जास्त वेळ. आपल्या बाजूला चेंडू मिळाला की तो टप्पे देत पलीकडे न्यायचा, समोरच्यांनी बचाव कसा लावला आहे ते पाहायचे, हाताच्या खुणेने कोणती चाल खेळायची ते सांगायचे, आणि योग्य क्षणी योग्य माणसाकडे चेंडू द्यायचा. तिच्या पासवर दुसऱ्या खेळाडूने बास्केट केली तर तिच्या नावावर 'असिस्ट' लिहिला जातो. दुसऱ्याच्या यशाची नोंद आपल्या खात्यावर होणारी ही जागा मला फार आवडली. आमच्या ऑफिसात असे खाते असते तर बरे झाले असते!

हे सारे घड्याळाशी शर्यत लावून करायचे असते. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चेंडू ताब्यात आल्यापासून ३० सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागे, आणि त्यातल्या पहिल्या १० सेकंदांत मधली रेघ ओलांडावी लागे. २००० सालानंतर हे आकडे २४ आणि ८ झाले. आमच्या धंद्यात याला रिअल-टाइम काम म्हणतात. त्यात बरोबर उत्तर उशिरा आले तर ते चूकच धरतात. पॉइंट गार्ड एका सामन्यात असे निर्णय कितीतरी वेळा घेते, आणि तेही अंगावर एक प्रतिस्पर्धी धावून येत असताना.

नेटबॉलच्या देशात

आता ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी का, ते पाहू. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी बास्केटबॉल सुरू केला. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मुलींना दमछाक झेपणार नाही या त्या काळच्या समजुतीमुळे तिने मैदानाचे तीन भाग केले, आणि प्रत्येकीने आपापल्या भागातच राहायचे असा नियम केला. असाच मुलींसाठी मवाळ केलेला खेळ इंग्लंडमध्ये वाढला आणि त्यातून नेटबॉल जन्माला आला. आपल्या मुली इथल्या शाळांत खेळतात तो हाच. त्यात चेंडू टप्पे देत पुढे नेता येत नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात धरता येत नाही, आणि छातीवरची अक्षरे सांगतील त्याच भागात वावरावे लागते. म्हणजे चेंडू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला घेऊन जाणारी आणि साऱ्या मैदानावर हुकमत चालवणारी खेळाडू या खेळात संभवतच नाही.

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात नेटबॉलचे अधिकृत नाव १९७० पर्यंत 'विमेन्स बास्केटबॉल' असेच होते. मिशेल टिम्सचा जन्म २८ जून १९६५ चा, मेलबर्नचा. म्हणजे ती पाच वर्षांची होईपर्यंत, तिने पुढे ज्या खेळात नाव काढले त्या खेळाला मुलींसाठी या देशात स्वतःचे नावही मोकळे नव्हते.

बुलीन ते नुनावडिंग

स्त्रियांची राष्ट्रीय बास्केटबॉल लीग १९८१ मध्ये सुरू झाली. लीग म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे आयपीएलचा झगमगाट येतो. इथे तसे काही नव्हते. बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत. १९८४ मध्ये बुलीन बूमर्स हा संघ या लीगमध्ये आला आणि एकोणीस वर्षांची टिम्स त्या संघातून खेळू लागली. योगायोग असा, की त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने तीन गुणांची रेघ स्वीकारली. बास्केटपासून सव्वासहा मीटर लांबून चेंडू टाकला तर दोनाऐवजी तीन गुण. वरकरणी हा छोटा बदल, पण त्याने पॉइंट गार्डचे काम बदलून गेले. लांबून फेकणारीला अडवायला बचाव करणाऱ्यांना बाहेर यावे लागते. ते बाहेर आले की आत वाट मोकळी होते. मग फेकायचे, की आत घुसायचे, की घुसल्यासारखे करून बाहेर पास द्यायचा? टिम्स हे तिन्ही करू शके. साधारण पावणेसहा फूट उंचीची ही मुलगी जमिनीवर घरंगळणाऱ्या चेंडूवरही झेप घेई.

बुलीनहून ती नुनावडिंग स्पेक्टर्समध्ये गेली. उपनगर जरा पलीकडचे, पण संघ देशातला सर्वांत बलाढ्य. प्रशिक्षक टॉम माहेर आणि त्यांची पत्नी रॉबिन माहेर, जी राष्ट्रीय संघातली मोठी खेळाडू होती, यांच्याभोवती तो उभा राहिला होता. १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षे विजेतेपद याच संघाकडे होते. आपल्याकडे गाणे शिकणाऱ्याला घराणे लागते, तसे हे तिचे घराणे म्हणायला हरकत नाही. रोजच्या सरावात आपल्याहून चांगले लोक समोर असणे हा शिक्षणाचा मोठा भाग असतो. पीएचडी करताना मला हेच कळले होते.

१९८८ मध्ये ती सोल ऑलिंपिकला गेली. ऑस्ट्रेलियाच्या मुली उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून अवघ्या एका गुणाने हरल्या. पुढे कांस्यपदकाचा सामना सोव्हिएत संघाने जिंकला. चौथा नंबर. पदक नाही.

म्युनिकची परदेशी पाहुणी

इथून पुढचा भाग वाचताना मी जरा थबकलो. १९८९ मध्ये टिम्स जर्मनीत म्युनिकच्या लोटस या क्लबाकडून खेळायला गेली. परदेशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन. स्त्रियांमधली पहिली असे नव्हे, पुरुष धरूनसुद्धा पहिली.

वय चोवीस. तिच्या आधी कोणी गेलेले नाही, म्हणजे विचारायला कोणी नाही. आणि पॉइंट गार्डचे काम तर बोलण्याचे! उंच खेळाडूला भाषा आली नाही तरी तिच्याकडे आलेला चेंडू ती बास्केटमध्ये टाकू शकते. ज्या मुलीने चार जणींना काय करायचे ते सांगायचे, तिने परक्या भाषेच्या देशात जाऊन आपली जागा मिळवायची, हे अवघड गणित आहे. शिवाय युरोपात क्लबांना परदेशी खेळाडू मोजकेच घेता येत. त्या जागेवर आलेल्या पाहुणीने स्थानिक खेळाडूंइतके चांगले असून भागत नाही. ती उघडपणे जास्त चांगली दिसावी लागते, नाहीतर तिला आणलेच कशाला?

मंडळी, हे आपल्याला नव्याने सांगायला हवे का? इथल्या पहिल्या नोकरीत, मीटिंगमध्ये बोलण्यापूर्वी मनातल्या मनात वाक्य दोनदा घोळवून घेणारा मी मला आठवला. आपण आलो तेव्हा निदान आधी येऊन स्थिरावलेले कोणी तरी होते. भाड्याचे घर कुठे घ्यावे, कढीपत्ता कुठे मिळतो, हे सांगणारे होते. टिम्सने वाट विचारायची तर कोणाला?

नंतर ती ऑस्ट्रेलियात परतली आणि मेलबर्नपासून सुमारे २७०० किलोमीटर लांब पर्थला खेळली. १९९२ मध्ये पर्थ ब्रेकर्सने लीग जिंकली, त्या संघात ती होती. पण त्याच वर्षी राष्ट्रीय संघ बार्सिलोना ऑलिंपिकसाठी पात्रही ठरला नाही. सोलला पदकाच्या इतक्या जवळ पोचलेल्या मुलींनी ते ऑलिंपिक घरी बसून पाहिले. तिने पुढे इटलीत फ्लोरेन्सला आणि पुन्हा जर्मनीत, वुपरटालला, खेळ चालू ठेवला. १९९४ ची जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियातच झाली. तिथे उपांत्य फेरीत चीनकडून हार झाली, तीही एकाच गुणाने, आणि पुन्हा चौथा नंबर.

अखेर १९९६ मध्ये अटलांटाला कांस्यपदक मिळाले. स्त्री-पुरुष दोन्ही धरून ऑस्ट्रेलियाचे बास्केटबॉलमधले ते पहिले ऑलिंपिक पदक. पुरुषांना त्यासाठी टोकियोपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, थांबावे लागले.

मग अमेरिका

अमेरिकेतली स्त्रियांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, २१ जून १९९७ रोजी सुरू झाली. टिम्स फिनिक्स मर्क्युरीकडून खेळू लागली. लीग सुरू होऊन आठवडा झाला त्या दिवशी तिने बत्तिसावे वर्ष पूर्ण केले. या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करतात. पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना ठाऊक असते. १९९९ मध्ये ऑल-स्टार, २००० मध्ये सिडनीला रौप्यपदक, २००२ मध्ये फिनिक्सने तिचा सात नंबर कायमचा राखून ठेवला, आणि २०२४ मध्ये ज्या नेस्मिथांनी खेळ सुरू केला त्यांच्याच नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.

तिच्यामागून वाट वाहती झाली. क्वीन्सलंडमधल्या मॅके गावची सँडी ब्रॉन्डेलो जर्मनीत अनेक वर्षे खेळली आणि पुढे अमेरिकेत प्रशिक्षक म्हणून विजेतेपदे मिळवली. ऑल्बरीची लॉरेन जॅक्सन २००१ मध्ये अमेरिकेच्या लीगमध्ये सर्वांत आधी निवडली गेली. आणि वाट उलट्या दिशेनेही चालली. केरळची गीतू ॲना जोस, भारतीय संघाची उंच सेंटर, २००६ मध्ये मेलबर्नच्या रिंगवूड क्लबाकडून खेळायला आली. रिंगवूड म्हणजे नुनावडिंगहून गाडीने थोडेसेच पुढे.

"यात पुढे काय?"

तर आता माझ्या प्रश्नाकडे येतो. १९८४ मध्ये कोणी टिम्सला "यात पुढे काय?" असे विचारले असते, तर खरे उत्तर होते, "काही नाही." परदेशी जाण्याची रीत नव्हती, डब्ल्यूएनबीए नव्हती, पदक नव्हते. ती अमेरिकेतली लीग तर तिच्या सुरुवातीनंतर तेरा वर्षांनी निघाली.

यावरून "मुलांना खेळू द्या, सगळे मिळेल" असा निष्कर्ष मी काढणार नाही. टिम्स एक होते, आणि तिच्याबरोबर शुक्रवारी रात्री खेळलेल्या शेकडो मुलींची नावे कुठे सापडत नाहीत. आमची लेक दुसऱ्या गटात येईल हे मी आकडेवारी न मांडताही सांगू शकतो. पण माझा प्रश्न चुकीचा होता, एवढे मात्र पटले. पुण्यातली कायम नोकरी सोडून मी इथे पीएचडीला यायला निघालो, तेव्हा वडिलांनी हाच प्रश्न विचारला होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. वडिलांनी तरीही विमानतळावर येऊन सामान उचलले होते.

लेक सध्या संघात दुसऱ्या क्रमांकाची पॉइंट गार्ड आहे, म्हणजे बराच वेळ बाकावर असते. परवा शेवटच्या तीन मिनिटांत ती मैदानात गेली, दोनदा चेंडू घालवला, आणि तिसऱ्यांदा बोट वर करून कुठलीशी खूण केली. त्या खुणेसरशी तिच्याहून वीतभर उंच मुलगी धावत योग्य जागी गेली. बास्केट झाली नाही. पण घरात कधी तोंड वर करून न बोलणारी ही पोरगी चार जणींना हुकूम सोडते आहे, हे मी पहिल्यांदा पाहिले.

असो. गणिताची शिकवणी आता मंगळवारी केली आहे. आणि एक विनंती. शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या कामासाठी आमच्याकडे फोन करू नये. घरी कोणी नसते.