छोट्या बेटांवरील गांजाविषयक कायदा आणि सार्वभौमत्वाचा प्रश्न : बर्म्युडाचा अनुभव

प्रस्तावना

गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, हा प्रश्न सामान्यतः सार्वजनिक आरोग्य, गुन्हेगारी आणि महसूल या तीन अंगांनी चर्चिला जातो. परंतु जो प्रदेश स्वतंत्र राष्ट्र नाही, तेथे या प्रश्नाला चौथे अंग प्राप्त होते. असा कायदा करण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हे ते अंग होय. ब्रिटनचा सागरपार प्रदेश असलेल्या बर्म्युडाच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

उत्तर अटलांटिक महासागरातील या बेटसमूहाचे क्षेत्रफळ सुमारे ५४ चौ. कि.मी. आणि लोकसंख्या सुमारे ६४ हजार आहे. १९६८ च्या राज्यघटनेनुसार अंतर्गत कारभार निर्वाचित सरकारकडे, तर परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, अंतर्गत सुरक्षा व पोलीस हे विषय ब्रिटनने नेमलेल्या गव्हर्नरकडे आहेत.

बर्म्युडाच्या नागरिकांचा शिक्षण, उपचार व व्यापार यांसाठी अमेरिकेशी निकटचा संबंध आहे. अल्प प्रमाणात गांजा बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्या व्यक्तीला अमेरिकेत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे तरुणपणी झालेल्या किरकोळ शिक्षेचे परिणाम आयुष्यभर भोगावे लागतात. या पार्श्वभूमीवर २०१७ मध्ये ७ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगणे गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्यात आले.

नियमनाची गरज

या सुधारणेतून एक विसंगती निर्माण झाली. गांजा बाळगणे हा गुन्हा राहिला नाही. मात्र तो विकत घेण्याचा कायदेशीर मार्गही उपलब्ध झाला नाही. म्हणजेच ग्राहकाला मुभा मिळाली आणि पुरवठा अवैध व्यापाऱ्यांच्याच हाती राहिला. वस्तूची शुद्धता, तीव्रता आणि खरेदीदाराचे वय यांवर शासनाचे कोणतेही नियंत्रण राहिले नाही. केवळ शिक्षा रद्द करणे आणि व्यवहाराचे नियमन करणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

ही उणीव दूर करण्यासाठी लागवड, विक्री, वाहतूक आदींसाठी परवाना पद्धती सुचविणारे विधेयक मांडण्यात आले. २०२० च्या निवडणुकीत पंतप्रधान डेव्हिड बर्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह लेबर पार्टीने ३६ पैकी ३० जागा जिंकल्या होत्या. २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने विधेयक संमत केले. परंतु सिनेटने ते फेटाळले. तथापि वर्षभरानंतर कनिष्ठ सभागृहाने तेच विधेयक पुन्हा संमत केल्यास सिनेटचा विरोध त्याला रोखू शकत नाही, अशी राज्यघटनेत तरतूद आहे. त्यानुसार २०२२ मध्ये विधिमंडळातील प्रक्रिया पूर्ण होऊन विधेयक गव्हर्नर रेना लाल्गी यांच्याकडे गेले.

संमतीस नकार

सप्टेंबर २०२२ मध्ये गव्हर्नरांनी विधेयकास संमती न देण्याचे निर्देश लंडनहून आल्याचे जाहीर केले. १९६१ व १९७१ च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविषयक करारांनी ब्रिटनवर घातलेल्या बंधनांशी हे विधेयक विसंगत असल्याचे कारण देण्यात आले. १९६१ चा करार गांजाचा वापर वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनांपुरता मर्यादित करतो. शिवाय सदस्य राष्ट्र ज्या प्रदेशांच्या परराष्ट्र संबंधांस जबाबदार आहे, त्यांनाही तो सामान्यतः लागू होतो. परिणामी, आरोग्य व गुन्हेगारी हे बेटाचे अंतर्गत प्रश्न असूनही त्यांवरील कायदा परराष्ट्र व्यवहाराचा विषय ठरला.

तुलना

याच करारांचा सदस्य असलेल्या कॅनडाने २०१८ मध्ये गांजाच्या व्यापारास मान्यता दिली आणि कराराशी येणाऱ्या विसंगतीची जबाबदारी स्वतः पत्करली. सार्वभौम राष्ट्राला हा पर्याय उपलब्ध असतो. त्याच वर्षी प्रशांत महासागरातील उत्तर मारियाना बेटे या अमेरिकेच्या अधिपत्याखालील प्रदेशानेही, आधी वैद्यकीय वापराची पायरी न ओलांडता, थेट प्रौढांसाठीचा कायदा केला. स्थानिक विधिमंडळ व गव्हर्नर यांची मान्यता तेथे पुरेशी ठरली. वॉशिंग्टनच्या पूर्वसंमतीची आवश्यकता भासली नाही. मात्र संघीय निषेध कायम असल्याने बाहेरून माल आणण्याची वाट बंद राहिली आणि लागवडीपासून विक्रीपर्यंतची सारी व्यवस्था बेटांवरच उभारणे क्रमप्राप्त झाले. थोडक्यात, एका प्रदेशात कायदा जन्मालाच आला नाही. दुसऱ्यात तो आला, पण त्याला वरिष्ठ कायद्याचे संरक्षण लाभले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, छोट्या बेटांवरील गांजाविषयक धोरणाचे यश केवळ परवाना पद्धतीच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते. आंतरराष्ट्रीय कराराची जबाबदारी एकाकडे आणि सामाजिक परिणाम सोसणे दुसऱ्याकडे, अशी विभागणी जेथे आहे, तेथे निर्वाचित बहुमतही अपुरे पडते. विधेयकाच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. परंतु ते नाकारल्याने बेटावरील गांजा नाहीसा झाला नाही, केवळ नियमनाची संधी हुकली. म्हणूनच अशा प्रदेशांना लागू होणाऱ्या करारांच्या अर्थनिर्णयात तेथील विधिमंडळाला, विधेयक संमत होण्यापूर्वीच, औपचारिक स्थान मिळणे आवश्यक आहे. अन्यथा अंतर्गत स्वायत्तता ही संज्ञा घटनेच्या पानांपुरतीच मर्यादित राहील.