नव्या डेकला ऊन किती दाखवायचं?

अमेरिकेत घरामागे लाकडी डेक बांधून झाला, की सुतारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे हमखास एक सल्ला देतात : वर्षभर उन्हापावसात राहू द्या, लाकूड मुरलं की मग स्टेन लावा. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही तो निमूटपणे पाळला जातो. सल्ला जुना आहे, पण प्रयोगांत टिकलेला नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात १९१० पासून अमेरिकी वनखात्याची ‘फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी’ आहे. विल्यम फाइस्ट, सॅम विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कोऱ्या फळ्या काही आठवडे उघड्यावर ठेवल्या आणि नंतर त्यांना रंग दिला. अवघे चार आठवडे ऊन खाल्लेल्या फळीवरही रंगाची पकड ढिली पडली होती. रंगाच्या डब्यावर नाव कंपनीचं असतं. डब्यातला माल फळीवर का टिकतो किंवा का टिकत नाही, हे शोधणाऱ्या या मंडळींना मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसं कोणी ओळखत नाही.

दोष लिग्निनचा. सेल्युलोजचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं हे द्रव्य अतिनील किरण अधाशासारखं शोषतं आणि त्यातच तुटतं. आजचा पेपर खिडकीत आठवडाभर ठेवला तर पिवळा पडतो, त्याचं कारणही हेच : स्वस्त कागदाच्या लगद्यात लिग्निन राहिलेलं असतं. कागद घरात असतो म्हणून गोष्ट पिवळेपणावर थांबते. डेकवर पाऊसही पडतो. तुटलेलं लिग्निन पाण्याबरोबर वाहून जातं आणि वर उरतात मोकळे, फिकट तंतू. त्यांच्यावर काळसर बुरशी बसली की लोक ज्याला कौतुकाने ‘रुपेरी’ म्हणतात तो करडा रंग येतो. अतिनील किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही खोल शिरत नाहीत. मऊ लाकडाची झीज शतकात साधारण ६ मिलिमीटर. म्हणजे डेकला धोका नाही. पण स्टेनला धरायला मिळतो तो नेमका हाच मेलेला थर.

जुन्या सल्ल्याची बाजू घेणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला : वाळवीनाशक मुरवलेलं लाकूड ओलं येतं, ते वाळायला हवं. खरं आहे, पण वाळण्यासाठी वर्ष लागत नाही, कोरड्या हवेत काही आठवडे पुरतात. फळीवर पाण्याचे थेंब टाकावेत. काही मिनिटांत ते आत जिरले, तर स्टेनही जिरेल. दुसरा : यंत्राच्या रंध्याने फळीवर चकाकी चढते, ती उन्हानेच उतरते. मॅडिसनमध्ये ही चकाकी मुद्दाम आणायचा प्रयत्न झाला, ती काही सापडली नाही. आणि गुळगुळीतपणाच नको असेल, तर ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने तासाभरात जे होतं, त्यासाठी चार ऋतू कशाला? तिसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार : ते प्रयोग रंगाचे होते, स्टेन तर आत जिरतो, आणि उन्हाने खरवडलेली फळी उलट जास्त स्टेन पिते. पिते, हे नाकारता येत नाही. पण फायदा खडबडीतपणाचा आहे, मेलेल्या तंतूंचा नाही. सैल तंतू पायाखाली झिजतात आणि प्यायलेला स्टेन सोबत घेऊन जातात.

म्हणून तयारी म्हणजे लाकूड पांढरंशुभ्र करणं नव्हे, तर जिवंत तंतूंपर्यंत पोचणं. क्लोरीनच्या ब्लीचने डेक झटक्यात उजळतो, पण ते बुरशीबरोबर लिग्निनही खातं. कागद गिरण्यांनी हाच गुण वर्षानुवर्षं वापरला. जोरदार फवाऱ्याने मऊ भाग कोरला जातो आणि तंतू उभे राहतात. त्यापेक्षा सोडियम परकार्बोनेटचं पाणी आणि साधा ब्रश बरा : पाण्यात त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, मळ आणि बुरशी सुटते. खिळ्यांभोवतीचे काळे डाग हा लोह आणि टॅनिनचा संयोग; तो ऑक्झॅलिक आम्लाने विरघळतो. मग भरपूर पाण्याने धुणं, वाळवणं आणि हलकं घासणं. अपवाद एकच : २००४ पूर्वीच्या अमेरिकी डेकच्या लाकडात बहुधा आर्सेनिक मुरवलेलं असतं, ते घासून त्याची धूळ करू नये. एवढं झाल्यावर पहिल्या कोरड्या आठवड्यात स्टेन लावावा. डब्यावरचं ‘पाच वर्षं टिकेल’ हे आश्वासन फार तर डब्यातल्या मालाबद्दल असतं. खालच्या लाकडाची हमी कोणतीच कंपनी देत नाही.