‘ब्रह्मचारी’ आणि आपले हसणे

सांगलीहून सुमारे ५० किलोमीटरांवरील कोल्हापुरात हंस पिक्चर्सने १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ हा विनोदी बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. कथा आचार्य अत्रे यांची. दिग्दर्शन व नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची.

एक व्याख्यान ऐकून औदुंबर ब्रह्मचर्याचा निश्चय करतो, जमविलेली नट्यांची चित्रे टाकून देतो, व्यायाम आरंभतो, आश्रमात शिरतो. आणि किशोरीची गाठ पडताच तो निश्चय ढासळतो. किशोरीचे काम करणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पाश्चात्त्य पोषाखात पडद्यावर आल्या, तेव्हा पुष्कळ गहजब झाला.

सातारा-सांगलीकडील एकत्र कुटुंबात असा बोलपट वडीलधाऱ्यांनी सुना-मुलांसह पाहावा काय? आमच्या मते, अवश्य पाहावा. सारा दोष त्या पोषाखाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु विनोदाचा नेम आहे तो उसन्या निश्चयावर. इंद्रिये आवरून मनात विषयांचेच चिंतन करणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘मिथ्याचार’ म्हटले आहे. अत्रे हेही एके काळी शाळामास्तरच होते. तोच धडा त्यांनी हसवून शिकविला. मुलांकडून शपथा वदवून घेण्यापूर्वी आपण वडील मंडळींनी तो गिरवावा, हे बरे.