न जेवताही चढणारी साखर

ताप, जुलाब, न्यूमोनिया असे काही दुखणे आले की मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर बहुधा वाढते, आणि पोटात अन्नाचा कण नसतानाही वाढते. संसर्गाशी झुंजणारे शरीर कॉर्टिसोल, ॲड्रिनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरके जास्त प्रमाणात सोडते. त्यांच्या प्रभावाखाली यकृत साठवलेली साखर मोकळी करते, नवी साखरही तयार करते. त्याच वेळी स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला नेहमीसारखी दाद देईनाशा होतात. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवून वेळ निभावून नेते. मधुमेहात तेवढी शिल्लक नसते.

‘आज काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ हा घरोघरी ऐकू येणारा प्रश्न म्हणूनच घातक आहे. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. इंजेक्शन चुकले की पेशींना साखर वापरता येत नाही, चरबी भराभर विरघळू लागते, यकृत तिच्यापासून कीटोन बनवते आणि रक्त आम्लधर्मी होत जाते. ही अवस्था म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिस. उलट्या, पोटदुखी, प्रचंड तहान, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आणि शेवटी गुंगी असा तिचा क्रम. यातली फसगत सुरुवातीलाच होते. उलट्या आणि पोटदुखी पाहून ‘पोट बिघडलंय’ असे म्हणत घरचे थांबतात, लहान मुलांच्या बाबतीत तर हमखास, आणि मोलाचे तास हातचे जातात. म्हणून दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन आजारपणात कधीही बंद करायचे नसते. उलट डॉक्टर अनेकदा त्याचा डोस वाढवतात. जेवणाआधीचे इन्सुलिन मात्र खाणे आणि साखरेचा आकडा पाहून कमी-जास्त करावे लागते.

टाइप १ च्या रुग्णाने या काळात दर दोन ते चार तासांनी, रात्रीसुद्धा, साखर तपासावी आणि कीटोनही पाहावेत. मेडिकलमध्ये मिळणारी पट्टी लघवीत बुडवली की रंग बदलतो, पण ती मूत्राशयात आधीपासून साठलेल्या लघवीची, म्हणजे थोडी शिळी बातमी देते. रक्तातले कीटोन मोजणारे मीटर अधिक भरवशाचे. त्यावर ०.६ पेक्षा कमी आकडा ठीक, १.५ च्या पुढे धोका सुरू होतो, आणि ३ किंवा जास्त असल्यास थेट रुग्णालय गाठावे.

टाइप २ मध्ये कीटोॲसिडोसिस तुलनेने कमी आढळतो, पण वयस्कर रुग्णांत दुसरे संकट दबक्या पावलांनी येते. साखर चढते, लघवीवाटे पाणी जात राहते, तहानेची जाणीव वयामुळे मंदावलेली असते. काही दिवसांत साखर ६०० मिलिग्रॅमच्या वर जाऊन माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. हा म्हातारपणाचा परिणाम नव्हे.

गोळ्यांचे गणित इन्सुलिनपेक्षा वेगळे आहे. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवावे लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्याही अशा वेळी बंद ठेवतात. त्यांचा धोका विशेष लक्षात ठेवावा असा आहे: या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकत असल्यामुळे ग्लुकोमीटर १८० दाखवत असतानाही रक्तात कीटोन साठू शकतात. आकडा बरा म्हणून घरचे निर्धास्त राहतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण झाले नाही, तर साखर उलट खाली जाते. ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे; बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकेही कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांना त्रास देतात. कोणती गोळी थांबवायची, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेतलेले असावे.

पाणी हे या सगळ्यातले सर्वांत स्वस्त औषध. जुलाबात अनेक मधुमेही ‘त्यात साखर आहे’ म्हणून ओआरएस टाळतात. ही भीती अनाठायी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमही नाही, आणि तेवढे ग्लुकोज आतड्यातून मीठ-पाणी शोषले जाण्यासाठी लागतेच. बाजारातली गोड ‘एनर्जी’ पेये ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. जेवण जात नसेल तर पेज, मुगाचे कढण, ताक थोडे थोडे पण वारंवार द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाण्याची मर्यादा असेल, तर ती डॉक्टरांना विचारून ठरवावी.

दम्यासाठी वा फुप्फुसाच्या दाहासाठी स्टेरॉइड दिले असेल तर साखर हमखास चढते. सकाळच्या डोसानंतर ती दुपारी-संध्याकाळी वाढते, त्यामुळे उपाशीपोटीची तपासणी चांगली येऊनही चित्र अपुरे राहते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या संसर्गाचे, जे रुग्ण पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांची जोडी होती.

काही तास पोटात पाणीही ठरत नसेल, साखर उपायांनंतरही ३०० च्या खाली येत नसेल, श्वास जड झाला असेल किंवा माणूस पेंगुळला असेल, तर फोनवर सल्ला घेण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना त्याही आधी न्यावे. थांबवलेल्या गोळ्या खाणेपिणे पूर्ववत होऊन २४ ते ४८ तास उलटल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करतात, आणि पुढचे काही दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासतात.