निकेल रिमची झिरपती भिंत

खाण चालली जेमतेम पाच वर्षं, 1953 ते 1958. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, सडबरी शहराजवळची निकेल-तांब्याची ही खाण, नाव निकेल रिम. धातुक काढलं, दळलं, हवं ते वेचून घेतलं आणि उरलेला बारीक चोथा, म्हणजे टेलिंग्ज, तिथेच ओतून मंडळी निघून गेली. तो चोथा मात्र पुढची चाळीस वर्षं गप्प बसला नाही.

सडबरी जगाला ठाऊक आहे ती धुरामुळे. 1929 पर्यंत इथे धातुक उघड्यावर, लाकडांच्या ढिगांवर भाजत असत. गंधकाच्या धुराने झाडं गेली, माती वाहून गेली, खडक काळे पडले. पुढे धूर उंचावर सोडण्यासाठी 1972 मध्ये 381 मीटर उंच चिमणी उभी राहिली. 1978 पासून बोडक्या टेकड्यांवर चुनखडी पसरून झाडं लावायला सुरुवात झाली. ओसाड टेकड्या येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होत्या, म्हणून त्यांच्यावर आधी इलाज झाला, असं मला वाटतं. जमिनीखालच्या पाण्याची पाळी यायला आणखी दीड दशक जावं लागलं.

निकेल रिमच्या चोथ्यात लोह आणि गंधक यांची खनिजं भरपूर. त्यांना हवा आणि पाऊस मिळाला की लोह, सल्फेट, निकेल विरघळून खाली झिरपतात आणि वाळूच्या थरातून, वर्षाला साधारण पंधरा मीटर अशा संथ गतीने, मूस लेक नावाच्या तळ्याकडे सरकतात. यातली मेख अशी की वाटेत चोथ्यातलीच काही खनिजं बरंचसं आम्ल मारून टाकतात. निरीक्षण विहिरीतून ताजं काढलेलं पाणी स्वच्छ दिसतं, आम्लता मोजली तरी फार घाबरण्यासारखी नसते. पण त्याच पाण्याच्या एका लिटरमध्ये जवळजवळ एक ग्रॅम लोह असतं. हे लोह तळ्यात पोचून त्याला हवा लागली की गंजतं, नारिंगी साका धरतं आणि त्या क्रियेत नव्याने आम्ल सोडतं. जमिनीखाली सज्जन, उघड्यावर आलं की दुर्जन. त्यामुळे तळ्याकाठी चुना टाकत बसण्यापेक्षा पाण्याला जमिनीखालीच गाठणं भाग होतं.

गाठायचं कसं? जुने मार्ग दोन. एक, पंपाने पाणी उपसून प्रक्रिया केंद्रात शुद्ध करायचं. त्याला वीज लागते, माणसं लागतात, निघणारा गाळ टाकायला जागा लागते, आणि बंद पडलेल्या खाणीसाठी हा खर्च पिढ्यान्‌पिढ्या कोण करणार? दुसरा मार्ग म्हणजे बेंटोनाइट मातीची पाणीबंद भिंत. पण पाणी अडवलं की ते वर चढतं आणि बाजूने वाट काढतं, हे आपल्याकडे नालाबांध घातलेला कोणीही सांगेल.

तिसरा मार्ग वॉटरलू विद्यापीठात तयार होत होता. रॉबर्ट गिलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये ऑन्टारियोतच, बोर्डन इथे, लोखंडाचा कीस भरलेली भिंत जमिनीत घालून पाहिली होती. पाणी तिच्यातून आरपार जातं आणि जाता जाता त्यातली औद्योगिक द्रावकं मोडतात. डेव्हिड ब्लोज आणि त्यांच्या गटाने हीच कल्पना खाणीच्या पाण्याकडे वळवली, पण लोखंडाऐवजी कुजवलेलं खत वापरून. त्यामागचा आधार जिवाणूंचा. हवा नसलेल्या जागी काही जिवाणू सल्फेटवर श्वास घेतात, खतातला कर्ब खातात आणि सल्फाइड सोडतात. ते सल्फाइड लोहाला, निकेलला धरून काळ्या कणांच्या रूपाने तिथेच बसतं. ओहोटीला माहीमच्या खाडीतला काळा चिखल सडक्या अंड्यासारखा घमघमतो, ती याच जातीच्या जिवाणूंची करामत.

ऑगस्ट 1995 मध्ये निकेल रिमला प्रत्यक्ष काम झालं. खाली आणि दोन्ही बाजूंना पक्का खडक, मध्ये वाळू, अशी अरुंद जागा शोधली होती, म्हणजे पाण्याला बगल द्यायला वावच नाही. त्या जागेत भिंत घातली: 15 मीटर लांब, 3.6 मीटर खोल, पाण्याच्या दिशेने 4 मीटर जाड. पाण्याने भरलेल्या वाळूत खणलेला चर ढासळतो, म्हणून थोडं खणायचं, लगेच भरायचं, मग पुढे सरकायचं, अशा टप्प्यांनी ती घातली. आत भरलं काय? शहराच्या कचऱ्याचं खत, पालापाचोळ्याचं खत, लाकडाच्या ढलप्या, किंचित चुनखडी, आणि पाणी तुंबू नये म्हणून जवळपास निम्मी बारीक खडी. पुढे-मागे वाळूचे पट्टे, वर हवा आणि पावसाचं पाणी शिरू नये म्हणून मातीचं झाकण. खर्च सुमारे 30,000 डॉलर. खाणउद्योगाच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच म्हणायची.

पहिल्या वर्षाच्या आतच आकडे आले. आत शिरताना लिटरला 2400 ते 3800 मिलिग्रॅम असलेलं सल्फेट बाहेर पडताना 110 ते 1900 वर आलं होतं, लोह 740 ते 1000 वरून 91 च्या खाली, काही ठिकाणी 1 च्याही खाली. निकेल जवळपास दिसेनासं झालं. मुख्य म्हणजे पुढे उघड्यावर गेल्यावर आम्ल होण्याची पाण्याची खोडच मोडली.

एवढ्यावर थांबलं तर ही यशोगाथा. पण ब्लोज यांच्या गटातले शॉन बेनर आणि सहकारी मोजत राहिले, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे मोजत राहणं. तीन वर्षांनी भिंतीची ताकद उतरलेली दिसली: सल्फेट काढण्याचा वेग साधारण एक तृतीयांशाने घटलेला, लोहाचा त्याहून जास्त. खतातला चटकन पचणारा भाग जिवाणूंनी आधी संपवला, उरला तो चिवट. थंडीत पाणी गार पडलं की काम मंदावायचं, उन्हाळ्यात पुन्हा वेग घ्यायचं. शिवाय भिंतीत सगळीकडे खत सारखं दाबलं गेलेलं नव्हतं, त्यामुळे काही पट्ट्यांतून पाणी घाईने निघून जायचं, पुरेसं शुद्ध न होता. भिंतीचं आयुष्य धरलं होतं पंधरा वर्षांच्या आसपास. चोथ्यातून पाझर मात्र कित्येक दशकं चालणार होता.

स्पेनमधला अनुभव आणखी खडतर. अझ्नालकोयार इथल्या खाणीचा बांध 25 एप्रिल 1998 रोजी फुटला आणि विषारी गाळ ग्वादियामार नदीच्या खोऱ्यात पसरला. 2000 मध्ये तिथल्या आग्रिओ नदीच्या काठी तीन तुकड्यांत, एकूण सुमारे 120 मीटर लांबीची अशीच भिंत घातली. पण इथे पाणी जलद. भिंतीत ते काही दिवसच थांबायचं. जिवाणूंना फारसा वाव मिळाला नाही, बरंचसं काम चुनखडीनेच केलं. कॅनडात जमलेली कृती दुसऱ्या मातीत जशीच्या तशी उतरत नाही, हे तेव्हा कळून चुकलं.

आता आपल्या खाणींकडे वळू. गोव्यातलं लोहधातुक बहुतांशी ऑक्साइड, त्यामुळे तिथे खाणी भूजलपातळीखाली गेल्यावर विहिरी आटणं हे मोठं दुखणं होतं, आम्लाचं तितकं नाही. पण गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यातली मलांजखंडची तांब्याची खाण सल्फाइड धातुकाची आहे; निकेल रिमचा धडा तिला थेट लागू पडतो. आपल्याकडे 2003 पासून खाणीला बंद करण्याचा आराखडा द्यावाच लागतो. अशा आराखड्यात झाडं किती लावणार, याचा हिशेब मिळतो. खाणीच्या पुढच्या जनसुनावणीला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: चोथ्याखालचं पाणी कोणत्या दिशेने जातं, आणि अशी भिंत घातलीच, तर तिच्यातलं खत संपेल तेव्हा ते बदलायला पैसे कोणाच्या खात्यातून येणार? उत्तर लेखी मागा.