सावली पडलेले देव

देव कसा ओळखावा, याची एक नेमकी कसोटी महाभारताच्या वनपर्वात आहे. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचेच रूप घेऊन बसले. पाच नलांतला खरा कोणता? दमयंतीने प्रार्थना केली, तेव्हा देवांनी आपली लक्षणे प्रकट केली. त्यांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातल्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. सावली पडत होती ती एकट्या नलाची.

मी चित्रकलेचा रीतसर विद्यार्थी नव्हे. जुनी छापील चित्रे पाहता पाहता या विषयाकडे वळलो. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची पौराणिक चित्रे पाहताना मला नेहमी हीच कसोटी आठवते, कारण त्यांच्या चित्रांत ती उलटी झालेली दिसते.

आपल्या जुन्या चित्रपरंपरेला छटा ठाऊक नव्हती, असे नाही. अजिंठ्यात अंगाला गोलाई देणारी छटा आहे. चित्रसूत्रात तिला ‘वर्तना’ म्हटले आहे. पण ती छटा कोणत्याही दिव्याची किंवा सूर्याची नाही. तंजावर शैलीतला सोन्याचा वर्ख लावलेला बाळकृष्ण घ्या, नाहीतर पिंगुळीच्या चित्रकथींची पाने. तिथल्या आकृतींवर एका बाजूने ऊन येत नाही आणि जमिनीवर त्यांची सावली पडत नाही.

युरोपीय तैलचित्रणाचा पायाच वेगळा. आधी प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते ठरते आणि मग चित्रातली प्रत्येक वस्तू त्याच्या अधीन होते. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे उजेडातून अंधाराकडे जाणारी छटा एकमेकींत मिसळता येते. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा चित्रकार त्रावणकोर दरबारी आला. त्याला काम करताना पाहून आणि स्वतः प्रयोग करून रविवर्म्यांनी हे तंत्र आत्मसात केले.

या तंत्रात देव बसवताना अडचणी येतात. चार हातांचेच पाहा. रेषेच्या चित्रात चार हात सहज मावतात. मांस आणि हाडे दाखवणाऱ्या चित्रात ते खांद्याला जोडावे लागतात. रविवर्म्यांच्या सरस्वतीचे दोन हात वीणेवर गुंतलेले आहेत. पोथी आणि माळ उरलेल्या दोन हातांत. आपली नजर वीणेवर खिळते आणि बाकीचे हात खटकत नाहीत. शिवाय देवी बसली आहे ती पाण्याकाठच्या खडकावर, म्हणजे आपल्याच जमिनीवर.

जमीन आली की पेहराव आला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले, तेव्हा रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजा राजवर्मा पेहरावांच्या शोधात देशभर हिंडले. पुढे त्यांच्या कितीतरी नायिका मराठी पद्धतीच्या नऊवारीत दिसू लागल्या.

ही चित्रे छापून घराघरांत पोहोचवावीत, असे टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच सुचवले होते. तंजावरच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण होते. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला छापखाना निघाला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळाछपाईने चित्रे निघत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि एका चित्रासाठी तोच कागद अनेक दगडांवरून काढावा लागे. पहिले चित्र ‘शकुंतलाजन्म’. त्यात मेनका तान्ही मुलगी पुढे करते आणि विश्वामित्र तोंड फिरवतो. मेनका अप्सरा खरी, पण चित्रात दिसते ती नाकारली गेलेली आई.

विसाव्या शतकाच्या आरंभी आनंद कुमारस्वामींनी या चित्रांना नाटकी आणि कल्पनाशून्य ठरवले. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. सावली पडली की देव आपल्या उजेडाचा बांधील होतो. तो त्याहून निराळा आहे, ही खूण पुसली जाते. ही हानी लहान नाही.

पण याच सावलीमुळे तो आपल्या घरात राहू शकला. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही थोड्या पैशांत लक्ष्मीचे चित्र भिंतीवर लावता आले, तिला हळदकुंकू वाहता आले. वनपर्वाच्या कसोटीवर रविवर्म्यांचे देव उतरत नाहीत. लोकांनी मात्र त्यांना देव म्हणूनच ओळखले आणि ते देव्हाऱ्यात बसवले.