मातीकामाचे शिक्षण आणि आपण

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटायला आले. मुलाला सिरॅमिक्स, म्हणजे मृत्कला, हा विषय घ्यायचा होता. वडील मार्केट यार्डात हमाली करणारे. ते म्हणाले, "सर, बाबासाहेबांनी सांगितलं, हलकी कामं सोडा, शिका. आणि आमचा पोरगा शिकायचं म्हणून चिखल तुडवायला निघालाय. हे कसलं शिक्षण?" प्रश्न रास्त होता. चार वाक्यांत उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून हा लेख.

हाच प्रश्न मला माझ्या आईने विचारला होता. माझे आईवडील दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर राबत. घरातला पहिला पदवीधर मी. "मातीतून वर काढायला तुला शाळेत घातलं," एवढेच ती म्हणाली. उलट कॉलेजातील एक अध्यापक म्हणाले, "तुम्हा लोकांना हाताचं काम जमतं, हा विषय बरा." आई ज्या कामाला हलके म्हणून नको म्हणत होती, ते काम हलके म्हणूनच हे गृहस्थ मला बहाल करीत होते. या दोन बोलण्यांतला फरक समजायला मला पाच वर्षे लागली.

आधी या विषयात शिकतात काय ते सांगितले पाहिजे. सुरुवातीचे दिवस माती ओळखण्यात जातात. ती भिजवायची, गाळायची, सुकवायची, मळायची. माती एकजीव झाली नाही तर भांडे चाकावर डगमगते. ओलसर भांडे घाईने भट्टीत घातले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. मग वळकट्या रचून भांडे उभे करणे, पोळीसारखी माती लाटून जोडणे, साचे, चाक. नुसता गोळा चाकाच्या मध्यावर स्थिर करायलाच मला कित्येक आठवडे लागले.

खरे शिक्षण भट्टीशी होते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत मातीच्या रासायनिक घडणीत बांधलेले पाणी निघून जाते. त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होत नाही. ९०० ते १००० अंशांवर लाल मडके पक्के होते, पण सच्छिद्र राहते. १२०० अंशांच्या पुढे योग्य मिश्रणाची माती आतून काचेसारखी सांधते. तिला स्टोनवेअर म्हणतात. ग्लेझ म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळवलेली काचच. त्यात काचेसाठी सिलिका, ती लवकर वितळावी म्हणून द्रावक आणि ओघळू नये म्हणून ॲल्युमिना. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा. भट्टीतली हवा कोंडली तर तेच तांबे लाल होते. प्रत्येक भट्टीची नोंद वहीत ठेवावी लागते. 'चिखल तुडवणे' या दोन शब्दांत हे सारे मावत नाही.

यातल्या एका चाचणीने माझे डोळे उघडले. भाजलेला तुकडा कोरडा तोलायचा, पाण्यात उकळून पुन्हा तोलायचा. वाढलेले वजन म्हणजे त्याने प्यालेले पाणी. साध्या लाल मडक्यात ते बहुधा शंभराला दहाच्या वर भरते, चांगल्या स्टोनवेअरमध्ये दोनतीनच्या आत. तो तराजू पाहताना आजी आठवली. ती सांगे, वाड्यावर आपला हात लागला तर पितळेचा तांब्या घासूनपुसून घरात जाई; मडके मात्र फोडून टाकत. मडके शोषून घेते, हे निरीक्षण खरे होते. पण त्या खऱ्या निरीक्षणावर केवढा खोटा निष्कर्ष रचला गेला! तराजूत पाणी भरले, विटाळ कुठेच भरला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यालो. त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. त्या घागरीही मातीच्याच होत्या. माती कुणाचीच बाजू घेत नाही. माणसे तिला बाजू घ्यायला लावतात.

आता कलेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. १८७० नंतर तेथे जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने मातीची भांडी घडू लागली. घाट आणि झिलई सिंधच्या कुंभारांची, अंगावर नक्षी अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली. बौद्ध लेण्यांतल्या आकृती अशा रीतीने विलायतेच्या दिवाणखान्यांत पोचल्या. आपल्याला सांगितले जाते ते टेरींचे नाव; चाक फिरवणाऱ्यांचे नाही. पुढे वर्गात आम्हाला जपानी विचारवंत यानागी सोएत्सु शिकवले गेले. नाव न लावता रोजच्या वापराच्या वस्तू घडवणाऱ्या कारागिराच्या हातून खरे सौंदर्य निपजते, असा त्यांचा विचार. तो मला भावतो. तरीही विचारावेसे वाटते, की ज्याला नाव आहे त्याने ते बाजूला ठेवणे आणि ज्याचे नाव कधी विचारलेच गेले नाही त्याने अनाम राहणे, या दोन गोष्टी एक कशा?

'जातीची उतरंड' हा शब्द आपण भाषणांत नेहमी वापरतो. घडवणाऱ्याच्या बाजूने त्याकडे पाहा. रांजण, घागर, मोगा, सगळे त्याच मातीचे आणि त्याच आव्यातले. खाली कोण आणि वर कोण हे मातीत ठरत नाही, रचणाऱ्याच्या हातात ठरते. प्रभाकर कांबळे यांच्यासारख्या आपल्या कलावंताने हीच उतरंड शिल्पात आणली आहे. आपल्या साहित्याने जे शब्दांत केले, ते मातीतही होऊ शकते, याची ही खूण आहे.

म्हणून त्या वडिलांना माझे उत्तर असे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले, की येथे कामाची नव्हे, माणसांचीच वाटणी झाली आणि त्यात निवडीला जागा नव्हती. आपला झगडा त्या लादण्याशी आहे, हाताशी नाही. लादलेले काम सोडणे ही मुक्ती. आणि हवे ते काम, त्याच्या शास्त्रासकट, निवडणे ही तिची पुढची पायरी. अडचणी मात्र लपवू नयेत. कोबाल्ट महाग असते, शिष्यवृत्ती उशिरा येते, स्वतःच्या भट्टीला भांडवल लागते. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, म्हणून तोंडावर मास्क हवाच. माझ्या आईला भट्टीवर तो कुणी दिला नव्हता. कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या मुलांना कलाविद्यालयाच्या प्रवेशाची माहिती द्यावी. चारपाच जणांनी मिळून एक भट्टी उभारावी.

त्या मुलाने प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात त्याची सात भांडी फुटली. आठवे टिकले. ते कच्चे असतानाच, भाजण्यापूर्वी, बुडाशी त्याला त्याचे पूर्ण नाव कोरायला मी सांगितले होते. वडिलांनी ते घरी नेले आहे.